किंगरीचं पाचवं घर

त्या माणसाचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं असतं तर तो चिडला असता, आणि लिहिलं नाही म्हणूनही चिडलाच असता. चहात साखर जास्त झाली की चिडायचा, कमी झाली की चिडायचा, आणि बरोबर झाली तर आजच कशी काय बरोबर झाली म्हणून चिडायचा. गावानं त्याचं नाव 'भडका मास्तर' ठेवलं होतं. मी त्या शाळेचा सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, म्हणून मला 'मोठे मास्तर' म्हणायचे. शाळेत मास्तर आम्ही दोघंच. त्यातला मोठा मी, पण वयानं तो माझ्याहून आठ वर्षांनी थोरला होता.

निजामाचं राज्य होतं. पोलीस ॲक्शनला अजून चार-पाच वर्षं अवकाश होता. निंबर्ग्याहून अडीच कोसांवरचं आमचं गाव, शुक्रवारची सुट्टी, आणि मोहतमिम साहेब, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आले की डोक्यावर रुमी टोपी. मास्तराची टोपी उंदरांनी कुरतडली होती. तीच तो मुद्दाम घालायचा, कुरतडलेली बाजू पुढं करून.

पण त्याच्या चिडण्याचा खरा विषय एकच, किंगरी. आता किंगरी म्हणजे काय हे सांगावं लागतं, ह्याचाच मला पहिला संताप येतो. वेळूचा हातभर दांडा, खाली नारळाची करवंटी, करवंटीवर घोरपडीचं कातडं, घोड्याच्या शेपटीच्या केसांची तार आणि तसल्याच केसांचा गज. गजाला चार घुंगरं. जोगी ती छातीशी धरून दारोदार वाजवायचे आणि राज्य सोडून गेलेल्या राजांच्या कथा गायचे. ओढ्याच्या अलीकडच्या गावात मराठीत, पलीकडच्या गावात कानडीत, आणि मुसलमान आळीत गेले की दखनीत. आवाज बारीक, नाकात बोलणाऱ्या म्हातारीसारखा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू यायचं, आणि तो नीट बसून ऐकायला लागला की जायचं.

कुणी तिला तुणतुणं म्हटलं की मास्तर पेटलाच. एकदा वाण्यानं सहज विचारलं, "मास्तर, तुमी ते तुणतुणं शिकायलाव म्हने?" मास्तरानं हातातला गुळाचा खडा परत पोत्यावर ठेवला. म्हणाला, "तुणतुणं गोंधळ्याचं. ते बोटानं छेडतेत. हिला गज लागतो. तुला तूर आन हरभरा वेगळा कळतो न्हवं? मग हे कामून कळंना?" आणि तिथून पुढं दीड वर्ष हा माणूस गुळासाठी निंबर्ग्याला चालत जायचा. जाऊन-येऊन पाच कोस. वाण्याचं काय बिघडलं? पायाला फोड आले ते ह्याच्या.

गावाबाहेर एक पडकं देऊळ होतं. त्याच्या खांबावर दगडातली एक बाई होती, नाक गेलेली, हातात काहीतरी दांडा धरलेली. तो दांडा म्हणजे किंगरीच, असं मास्तराचं म्हणणं. दर शुक्रवारी घागरभर पाणी नेऊन त्या बाईला धुवायचा. सांगायचा, "ह्या मुलखात आधी किंगरी होती, मग राजे आले, मग सुलतान आले, मग हे आले. सगळे हिच्यापुढं बसून गेलेत." मी एकदा म्हणालो, की मला तर ती पळी वाटते, बाई आमटी ढवळत असेल. सहा महिने माझ्याशी शाळेच्या हजेरीपुरतंच बोलला. हे सगळं मी तेव्हा घरी येऊन सांगायचो आणि माझी बायको आणि मी पोट धरून हसायचो. हसलो ते हसलो. आता त्याचं काय करता येतं?

आमच्या टापूत किंगरीवाला जोगी एकच उरला होता. गावकुसाबाहेर चिंचेखाली त्याची खोपी. सगळे त्याला जोगीअप्पा म्हणायचे. त्याचे दोन्ही मुलगे सोलापूरला मिलीत लागले होते आणि त्यांनी बापाला स्पष्ट सांगितलं होतं, भीक मागायचं वाजंत्र आमच्या हातात देऊ नका. मी त्यांना बोल लावत नाही. ज्यांच्या आजा-पणज्यांनी दारात उभं राहून "पुढं व्हा" ऐकलं, त्यांनाच त्याची चव ठाऊक.

मास्तर तीन वर्षं दर शुक्रवारी त्या खोपीत जाऊन शिकला. जोगीअप्पाच्या घराण्याची रीत कडक होती. जोग्याला पुरायचा, जाळायचा नाही, आणि त्याची किंगरी घ्यायला कुणी नसलं तर तीही त्याच्या मांडीवर ठेवून, तार कापून पुरायची. घ्यायचीच असली तर घेणाऱ्यानं एका सोमवारी, ऊन डोक्यावर यायच्या आत, आपल्या ओळखीच्या पाच घरी किंगरी वाजवत भिक्षा मागायची. घरं आदल्या संध्याकाळी जोग्यासमोर सांगायची, मग बदलायची नाहीत. पाचही घरांनी झोळीत घातलं तर किंगरी त्याची आणि कथाही त्याच्या. एका घरानं जरी पुढं व्हा म्हटलं, तर तो जोगी नाही. परक्या गावात झोळी पसरणं सोपं आहे हो. ज्यांची पोरं तुमच्यासमोर बाराखडी म्हणतात त्यांच्या दारात पसरायची, ही ती रीत. मास्तराला तेच हवं होतं. त्याच्या डोक्यात एकच होतं, की जोगीअप्पा जायच्या आधी किंगरी आपल्याकडं यावी, आणि मग शाळेतल्या पोरांना उघड शिकवावी, कुणी चालू देवो न देवो.

मधे त्यानं स्वतः एक किंगरी करून पाहिली होती. त्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली. मोहतमिम साहेब टांग्यातून तपासणीला आले. त्यांचा घोडा पांढरा, आणि जोगीअप्पा म्हणायचा गजाला पांढऱ्या घोड्याचा केस चांगला. साहेब आत पोरांना उर्दूचे धडे विचारत होते, आणि मास्तर बाहेर कात्री घेऊन शेपटीला भिडला. टांगेवाला झाडाखाली झोपलेला. साहेब निघाले तेव्हा घोड्याची शेपटी अर्धी. साहेबांनी मला विचारलं, "ये क्या है?" मास्तर पुढं झाला आणि म्हणाला, "साहेब, घोड्याला परत येतील. किंगरीला कुठनं येतील?" ह्या वाक्याचं उर्दू मला करायला लावलं. मी केलं ते असं, की घोड्याला गोचिडी झाल्या होत्या, मास्तरानं सेवा केली. साहेबांनी त्याला शाबासकी दिली. त्यावर मास्तर माझ्यावर चिडला, खोटं कामून सांगितलं म्हणून. नोकरी वाचवली त्याचं काही नाही.

ती किंगरी मात्र बोललीच नाही. जोगीअप्पानं ती कानाशी धरली, हसला आणि म्हणाला, "गुरं हाकायला बरी हाय." मास्तर त्याच्यावर तेवढा कधी चिडायचा नाही. साऱ्या जगात एकट्या त्याच्यावर नाही.

त्याच साली भजनी मंडळानं सोलापूरहून बाजाची पेटी आणली. इतकी वर्षं पारावरच्या भजनात जोगीअप्पाची किंगरी असायची. पेटी आल्यावर त्याला सांगितलं, आता तुमी नुसतं ऐकत बसा, तुमचा सूर पेटीत बसंना. म्हातारा बिचारा किंगरी फडक्यात गुंडाळून मागं जाऊन बसला. मास्तर उठला, पेटीच्या भात्यावर तळहात दाबून धरला आणि पेटीवाल्याला म्हणाला, "लेकरू रडतं ते काढून दाखव ह्याच्यातनं. एका सुरातनं दुसऱ्यात घसरत जातं तसं." पेटीवाल्यानं दोन-तीन पट्ट्या दाबल्या. टक् टक् टक्. मास्तर म्हणाला, "हे जिना उतरायलंय. रडायलं न्हाई." लोक हसले, पण पेटी राहिली आणि किंगरी गेली. ह्याच लोकांनी पुढं, जोगीअप्पा मेल्यावर, त्याच्या नावानं हळहळ केली. मला ती हळहळ ऐकवत नव्हती.

श्रावणाच्या आधी जोगीअप्पानं अंथरूण धरलं. मास्तर माझ्याकडं आला आणि पाच घरांचं सांगितलं. पाटील, वाणी (त्याच्याशी बोलणं नव्हतं, तरी त्याचं घर घेतलं), शिंपी, मशिदीजवळची म्हातारी खालाजान, एवढी चार झाली होती. पाचवं कोणतं घ्यावं ह्याचा विचार चालला होता. मी त्याला विचार करू दिला नाही. खुर्चीत मागं रेलून म्हणालो, "त्यात विचार काय करायलाव? माझं घर धरा. माझ्या घरून न्हाई कोण म्हणंल?" हे मी म्हणालो, माझ्या तोंडानं. त्यानं नुसतं माझ्याकडं बघून मान हलवली. त्या दिवशी तो चहावरही चिडला नाही.

माझ्या थोरल्या मुलीला बघायला हुमनाबादची माणसं मंगळवारी यायची होती. ती सोमवारी सकाळीच दमणी जुंपून आली. पुढं आळंदला काम निघालं म्हणे. मुलाचा बाप तहसिलीत पेशकार, बरोबर चुलता आणि दोन बायका. मी आधी एक स्थळ हुकलेलं पाहिलं होतं, मुलीचं वय वाढायलं होतं. चपराशाला मास्तराकडं धाडलं, घरात पाहुणे आहेत, उद्या या म्हणावं. चपराशी परत आला. "ते म्हनले, घरं काल सांगून झालीत. आन सोमवार उद्या येत न्हाई म्हनावं."

ओसरीवर पाहुण्यांपुढं चुरमुऱ्याचा सुशिला ठेवला होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला किंगरी ऐकू आली. मागं, दोन्ही मास्तर नसल्यानं मोकळी सुटलेली शाळेतली सगळी पोरं. चार घरं झाली होती. पाटलानं हसत हसत पसाभर ज्वारी घातली होती. वाणी तर, सांगायला नवल वाटतं, डोळे पुसत गुळाची ढेप घेऊन आला होता. खालाजाननं ज्वारी आणि दोन कांदे घातले आणि म्हणाली, "लेओ मास्टर. और जरा बजाओ, सुनने दिल होरा." हे सगळं मला मागून कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की अनवाणी, खांद्यावर भगवं फडकं, गळ्यात झोळी, असा माझ्या शाळेचा मास्तर माझ्या दारात उभा राहून किंगरी वाजवतोय. आणि पोरं ओरडताहेत, "मास्तर भीक मागायलेत, मास्तर भीक मागायलेत."

पेशकारानं ताटली खाली ठेवली. "हे तुमच्या शाळंचे मास्तर?"

चुलता म्हणाला, "असलं चालतंय व्हय हितं?"

आतून माझी बायको सुपात ज्वारी घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती. मी उठलो आणि दारात आडवा उभा राहिलो, तिच्याकडं पाठ करून. पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या." आणि मग त्याला म्हणालो, "पुढं व्हा."

त्यानं वाजवायचं थांबवलं नाही. ते कडवं पुरं केलं, गज खाली घेतला. माझ्याकडं बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून बायकोच्या हातातल्या सुपाकडं बघितलं आणि म्हणाला, "असू द्या, अक्का." आणि गेला.

लग्न ठरलं. ते मोडलं असतं तर मला आज नीट दुःख तरी करता आलं असतं. मुलगी सुखात नांदली, तिला नातवंडं झाली. माझ्या बायकोनं मात्र ते सूप त्या दिवशी तसंच उंबऱ्यावर ठेवलं आणि तिन्हीसांजेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

पाहुणे गेल्यावर दुपारी मी थैलीत ज्वारी घेऊन चिंचेखाली गेलो. काय करणार होतो ते मलाच ठाऊक नव्हतं. खोपीच्या दारात पोचलो तर मास्तर जोगीअप्पाच्या उशाशी बसलेला, समोर झोळी पसरलेली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना आता दिसत नव्हतं. त्यानं हातानं ज्वारी चाचपली, गूळ चाचपला, कांदे चाचपले.

"पाची घरांनी दिलं?"

"चार."

"कोन न्हाई म्हनलं?"

"तुमाला काय करायचंय त्याचं."

म्हाताऱ्यानं पुन्हा एकदा झोळीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मला तर दिसंना. पोरा, तू पाच म्हन. मी पाच ऐकतो." त्या म्हाताऱ्यानं, ज्याच्या सात पिढ्यांची ती रीत, त्यानं स्वतः ती मोडायला हात पुढं केला. किंगरी त्याच्या उशाशीच होती, आणि मास्तरानं नुसतं पाच म्हणायचं होतं.

मास्तर म्हणाला, "तीन वर्षं तुमी मला एक सूर लबाड लावू दिला न्हाई, अप्पा. आता कसं म्हनू?"

मी दारात उभा होतो. पाचवं घर माझं, ही बघा त्याची ज्वारी, एवढं म्हणायला मला काय झालं होतं? ऊन डोक्यावरून ढळलं होतं, रीत टळून गेली होती, ते खरं. पण जो माणूस चार ऐकून पाच ऐकायला तयार होता, तो ऊन अजून चढलं नाही हेही ऐकून घेता. मी नाही बोललो. बोललो असतो तर म्हाताऱ्याला कळलं असतं, की नाही म्हणणारा मीच. मी थैली घेऊन परत आलो. आणि रस्ताभर मला राग कुणाचा आला असेल? त्याचा. आडमुठा, हेकट, एक आकडा बदलून सांगायला तयार नाही. त्याला शिव्या देत घरी आलो.

जोगीअप्पा पोळ्याच्या आत गेला. मुलगे सोलापूरहून आले. खड्ड्यात त्याला बसवला. तार कापायला मुलांचे हात पुढं होईनात, मास्तरानंच कापली आणि किंगरी त्याच्या मांडीवर ठेवली. मग काखेतल्या तीन वह्या काढल्या. तीन वर्षांत उतरून घेतलेल्या कथा, मराठीतल्या, कानडीतल्या, सगळ्या. त्याही खाली ठेवल्या. मी त्याचा हात धरला. "वह्या तरी ठेवा, मास्तर."

"कामून? माझ्या न्हाईत त्या."

त्यानं हात सोडवून घेतला आणि पहिली माती घातली.

त्यानंतर तो आणखी दोन वर्षं माझ्या शाळेत होता. त्या दोन वर्षांत तो माझ्यावर एकदाही चिडला नाही. वाण्यावर चिडायचा, साहेबावर चिडायचा, फळ्यावर चिडायचा. मी हजेरीत मुद्दाम चूक केली, त्यानं मुकाट दुरुस्त केली. चहात मुद्दाम मीठ टाकून दिलं एकदा, पिऊन कप ठेवला. "बरं, मोठे मास्तर. व्हय, मोठे मास्तर." एवढंच. मी वाट बघायचो, की आज तरी हा माझ्या अंगावर येईल, चारचौघांत माझे वाभाडे काढील. पाचवं घर कोणतं हे त्यानं गावात कुणालाच सांगितलं नाही. पोरं होती तिथं, पण पोरांना रीत कुठं ठाऊक होती? मग त्याची बदली कमलनगरच्या बाजूला झाली, आणि तिकडंच तो वारल्याचं मला पुढं कुणीतरी सांगितलं. शेवटपर्यंत त्यानं कसलंही वाद्य हातात धरलं नाही म्हणे.

मागल्या वर्षी गुलबर्ग्यात कुणीतरी किंगरीचं पुनरुज्जीवन केलं. मलाही बोलावलं, कारण खरी किंगरी ऐकलेला माणूस आता दुसरा सापडत नाही. मंचावर रंग दिलेला दांडा, पोलादी तार, आणि बाजाच्या पेटीवर सूर लावून घेऊन ती वाजवणारा एक मुलगा. कथा नव्हत्याच, नुसती धून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला पहिल्या रांगेतून उठवून वर नेलं, अंगावर शाल घातली आणि जाणकार म्हणून दोन शब्द बोलायला लावले. मी करवंटी आणि घोरपडीचं कातडं ह्यांच्याबद्दल बोललो.

खाली उतरल्यावर एक तरुण कार्यकर्ता, चांगला शिकलेला, नम्र, वही घेऊन आला. "सर, तुमच्या गावातली ती मूळ किंगरी कुठं गेली?"

"पुरली," मी म्हणालो.

"कुणी?"

"जोग्यांनी. त्यांची रीत होती तशी."

त्यानं ते लिहून घेतलं आणि तो चुकचुकला. "अडाणी लोक, सर. एवढा ठेवा मातीत घातला."

मी मान डोलावली, आणि खांद्यावरून घसरलेली शाल वर ओढून घेतली.